भट्टीतून आलेली चित्रं

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात पहिल्यांदा जाणारा माणूस रेम्ब्रांट, राफाएल, लिओनार्दो यांची चित्रं डोळे भरून पाहायला आलेला असतो. या चित्रांपर्यंत पोचता पोचता त्याला वाटेत पोर्सेलीनच्या मोठमोठ्या फुलदाण्या भेटतात. काही कमरेइतक्या उंच, काही डोक्याच्याही वर जाणाऱ्या. खाली बैठक, वर पोट, दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेले मूठदार कान, आणि पुढच्या अंगावर सोनेरी चौकटीत रंगवलेलं एक अख्खं चित्र. बहुतेक जण क्षणभर थांबतात, सोनं पाहून दिपतात आणि पुढे सरकतात. राजवाड्यातलं सामान, एवढीच त्यांची नोंद होते.

कलेच्या जाणकारांनीही या फुलदाण्यांना फारसं जवळ केलेलं नाही. त्यांच्या लेखी ही नक्कल: मूळ चित्र कुणा थोर चित्रकाराचं, ते भांड्यावर उतरवलं म्हणून काही वेगळी कला झाली नाही. मला हे मत मान्य नाही. या फुलदाण्या रशियन सम्राटांच्या ऐश्वर्यासाठी घडल्या हे खरंच आहे. पण त्या ज्यांच्या हातून घडल्या त्यांनी पत्करलेली जोखीम आणि मिळवलेलं कसब पाहिलं, तर युरोपातल्या थोर कारागिरीत त्यांना मानाचं पान द्यावं लागेल. आणि ते पान त्या माणसांच्या नावाने मांडावं लागेल.

त्यातलं पहिलं नाव दिमित्री विनोग्रादोव. पण त्याच्याकडे येण्याआधी पोर्सेलीनसाठी युरोप किती वेडा झाला होता हे सांगायला हवं. चीनमधून येणारी ही पांढरीशुभ्र, पातळ, उजेडात धरली तर प्रकाश आरपार दाखवणारी भांडी कशी बनतात, हे युरोपला शतकानुशतकं उमगलेलं नव्हतं. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला तर त्यांचं व्यसनच होतं. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडदळ शिपाई दिले आणि बदल्यात चिनी पोर्सेलीनचे १५१ नग घेतले. त्याच्याच राज्यात योहान बोटगर याने हे गुपित उकललं आणि १७१० मध्ये माइसनचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर आपल्या दरबाराला स्वतःचं पोर्सेलीन असणं ही युरोपातल्या प्रत्येक राजघराण्याला इभ्रतीची बाब वाटू लागली. माइसनने मात्र आपली कृती कडीकुलपात ठेवली होती.

पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ रशियाच्या गादीवर आली आणि तिने १७४४ मध्ये नेवा नदीच्या काठी पोर्सेलीनचा कारखाना काढायचा हुकूम दिला. माइसनमध्ये काम केलेला क्रिस्टोफ हुंगर नावाचा माणूस आणला गेला. सगळं मला ठाऊक आहे, असं तो सांगत होता. प्रत्यक्षात वाकडेतिकडे, मळकट रंगाचे थोडे कप सोडले तर त्याच्या हातून काही घडलं नाही, आणि अखेर त्याला काढून टाकण्यात आलं. त्याच्या हाताखाली दिलेला तरुण मात्र वेगळ्या मातीचा होता.

विनोग्रादोव सुझदालचा, धर्मोपदेशकाच्या घरचा. मिखाइल लोमोनोसोव, ज्याला रशियन विज्ञानाचा जनक मानतात, तो त्याचा सहाध्यायी. १७३६ मध्ये दोघांना सरकारी खर्चाने जर्मनीला पाठवलं होतं. तिथे मारबुर्गला आणि मग फ्रायबर्गला त्यांनी रसायन आणि खाणविद्या शिकली. परतल्यावर विनोग्रादोवला या कारखान्यात धाडण्यात आलं. त्याच्याजवळ माइसनची कृती नव्हती. त्याच्याजवळ शिस्त होती. मॉस्कोजवळच्या ग्झेल गावची माती आणून तो ती धुवायचा, गाळायचा, वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचा आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवायचा. कोणत्या झाडाचं लाकूड भट्टीत कसं जळतं, किती धूर देतं, याच्याही नोंदी त्याने ठेवल्या. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून या नोंदींत तो लॅटिन, जर्मन, हिब्रू असे शब्द मिसळून लिहायचा. १७४७ च्या सुमारास त्याच्या भट्टीतून खरं, कठीण जातीचं पोर्सेलीन बाहेर आलं. स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या देशातल्या मातीतून.

त्याला याचं बक्षीस काय मिळालं? सम्राज्ञीच्या खासगी कारभाराचा प्रमुख बॅरन चेर्कासोव याचा त्याच्यावर विश्वास नव्हता. विनोग्रादोवला दारूची सवय होती, हेही नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्यावर पहारा बसला. पगार हातात मिळेना. कमरेची तलवार काढून घेण्यात आली, आणि त्या काळी तलवार काढून घेणं म्हणजे माणसाची पतच काढून घेणं. शेवटी त्याला साखळीने बांधून कामाला लावण्यात आलं. त्याला भट्टीपाशीच झोपावं लागे. साम्राज्याची शान वाढवणारी वस्तू घडवणारा माणूस त्याच साम्राज्याचा कैदी होता. १७५८ मध्ये चाळिशीही न गाठता तो गेला. पोर्सेलीन कसं घडवावं याचं शास्त्रशुद्ध हस्तलिखित त्याने मागे ठेवलं, आणि जाण्याआधी, १७५६ मध्ये, मोठी भट्टीही उभी करून दिली. त्याआधीच्या भट्ट्या इतक्या लहान होत्या की त्यांतून तपकिरीच्या डब्या, कप, बारीकसारीक वस्तू निघत. मोठी भांडी शक्य झाली ती या भट्टीमुळे. पुढच्या सगळ्या फुलदाण्यांचा पाया तिथे आहे.

कॅथरीन द ग्रेटने १७६५ मध्ये या कारखान्याला इम्पीरियल म्हणजे शाही हे बिरुद दिलं. तिच्या काळात भर होता तो मेजवान्यांच्या भांड्यांच्या संचांवर आणि छोट्या मूर्तींवर. फ्रेंच वंशाचा शिल्पकार जाँ-दॉमिनिक राशेत हा १७७९ पासून कारखान्याचा मुख्य घडणकार होता. तिचा नातू अलेक्झांडर पहिला याने बर्लिन आणि फ्रान्समधल्या सेव्र इथल्या पोर्सेलीन कारखान्यांतून माहितगार माणसं आणली. त्यांतला स्वेबाख हा चित्रकार १८१५ ते १८२० या काळात पीटर्सबर्गला होता. घोडे, स्वार, शिकार, लढाया यांत त्याचा हातखंडा. नेपोलियनला परतवून लावल्याचा अभिमान तेव्हा रशियाभर होता आणि लढाईची दृश्यं फुलदाण्यांवर येऊ लागली. स्वेबाख मायदेशी परतला, पण त्याने तयार केलेले रशियन हात कारखान्यात राहिले.

या हातांना खरं काम दिलं निकोलस पहिल्याने. १८२५ ते १८५५ अशी तीस वर्षं त्याने राज्य केलं. राज्यकर्ता म्हणून तो कठोर, सैनिकी शिस्तीचा, मोकळ्या विचाराला वचकून असणारा होता. पोर्सेलीनवर मात्र त्याचं बारीक लक्ष होतं. दरवर्षी नाताळला आणि ईस्टरला कारखान्याचं उत्तम काम हिवाळी राजवाड्यात त्याच्यापुढे मांडलं जाई. मग त्यातलं कुठल्या महालात जायचं, कुठल्या परक्या राजाला भेट म्हणून पाठवायचं, हे ठरे. १८३७ च्या डिसेंबरात हिवाळी राजवाडा आगीत जळाला. तो सव्वा वर्षात पुन्हा उभा राहिला, आणि त्या नव्या महालांना शोभा आणायला फुलदाण्यांची गरज वाढली.

या काळाच्या मोठ्या फुलदाण्यांचे दोन-तीन घाट ठरलेले असत. एक मेडिसी घाट: उलट्या घंटेसारखा वर रुंद होत गेलेला. एक ग्रीक अम्फोरा, लांबट आणि निमुळता. आणि एक जवळजवळ सरळ भिंतींचा, पट्ट्यासारखा, ज्याला बांदो म्हणत. हा शेवटचा घाट चित्रकाराच्या सोयीचा, कारण त्याच्या पोटाला उभा बाक नसतो, आडवाच असतो. चित्र विकृत होण्याचा धोका कमी. त्यावर चित्रं यायची ती हर्मिटेजमधल्या मूळ चित्रांवरून. डच चित्रकारांची गुरं आणि कुरणं, सरायांतली मंडळी, इटालियन मदोना म्हणजे मेरी मातेची चित्रं, स्पॅनिश चित्रकार मुरिल्योने रंगवलेली मुलं. कधी पीटरहोफ, त्सार्स्कोये सेलो इथल्या राजवाड्यांचे देखावे, कधी लष्करी कवायत.

आता हे काम होतं कसं ते पाहू, कारण नक्कल हा शब्द किती अपुरा आहे ते इथे कळतं.

पोर्सेलीनच्या मातीत केओलिन, फेल्डस्पार आणि गारेची पूड असते. भांडं वाळताना आणि भाजताना साधारण सातवा हिस्सा तरी आकसतं. जेवढी फुलदाणी हवी त्याहून बरीच मोठी घडवावी लागते. दीड मीटरची फुलदाणी एकसंध भाजणं अशक्यप्राय, म्हणून तळ, पोट, मान असे भाग वेगळे भाजून आतून धातूच्या दांडीने जोडतात आणि सांधे कांस्याच्या सोनेरी कड्यांनी झाकतात. आधी मंद भाजणी, मग काचेसारखी झिलई चढवून सुमारे १४०० अंश सेल्सियसची भाजणी. या तापाला माती मऊ होते. जराशी उणीव राहिली असेल तर भांडं एका बाजूला झुकतं, त्याला चीर जाते, किंवा झिलईवर राखेचा एखादा ठिपका बसतो. लाकडावर चालणाऱ्या भट्टीत ताप एकसारखा ठेवणं हेच मुळात मोठं कसब. चित्रकाराच्या हाती पडायच्या आधीच कित्येक भांडी बाद झालेली असत.

भाजून निघालेल्या पांढऱ्या पोटावर मग चित्रकार बसे. त्याचे रंग कॅनव्हासवरच्या तैलरंगांसारखे नसत. ते धातूंपासून केलेले रंग, काचेच्या पुडीत कालवलेले, टर्पेंटाइनच्या घट्ट तेलात घोटलेले. लोखंडापासून तांबडा, कोबाल्टपासून निळा, क्रोमियमपासून हिरवा, आणि चक्क सोन्यापासून गुलाबी-जांभळा. यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही की लावताना दिसणारा रंग आणि भाजल्यावर उमटणारा रंग एक नसतो. सोन्याचा जांभळा लावताना मळकट दिसतो आणि भट्टीतून तजेलदार होऊन येतो. राफाएलच्या मदोनेच्या गालावरची लाली रंगवताना चित्रकाराला ती लाली समोर दिसतच नाही. ती त्याला डोक्यात ठेवून रंगवावी लागते.

त्यात भाजणी एकदाच नसते. आधी पार्श्वभूमी, मग छाया, मग बारकावे, असे थर देत आठशे अंशांच्या आसपासच्या बंद भट्टीत चित्र पुन्हा पुन्हा जातं. जो रंग जास्त ताप मागतो तो आधी, जो कमी मागतो तो नंतर. लोखंडाचा तांबडा वारंवार भाजला तर फिका पडतो, म्हणून तो राखून ठेवायचा. भाजलेलं पुसता येत नाही. कॅनव्हासवर चित्रकार चुकला तर सुरीने खरवडून पुन्हा रंगवतो. इथे महिनोन्‌महिन्यांचं काम शेवटच्या भाजणीत एका चिरेने संपू शकतं.

हे सगळं पार पडल्यावर सोनं. ते द्रवात विरघळवून, त्याची तपकिरी पूड करून कुंचल्याने लावतात. भट्टीतून ते निस्तेज, पिवळसर होऊन निघतं. मग अकीकाच्या टोकाने घासून जिथे चमक हवी तिथेच चमक आणतात, बाकीचं तसंच मंद ठेवतात. निकोलसच्या काळातल्या फुलदाण्यांवरची पानं, वेली, जाळ्या नीट पाहिल्या तर एकाच सोन्यात चमकतं आणि मंद अशा दोन छटा खेळवून काढलेलं नक्षीकाम दिसतं. लांबून जे नुसतं सोनं वाटतं ते जवळून रेखाटन असतं. माझ्या मते या फुलदाण्यांतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

कारखान्यात कामाची वाटणी पक्की होती. माणसांच्या आकृती रंगवणारा वेगळा, निसर्गदृश्यं रंगवणारा वेगळा, फुलांचा वेगळा, सोन्याचा वेगळा. कसब पुष्कळदा घराण्यात चालत आलेलं. कारखान्यातल्या कामगारांचीच मुलं शिकून चित्रकार होत. सेम्योन गोलोव, वासिली मेश्चेर्याकोव, निकोलाय कोर्निलोव ही निकोलसच्या काळातल्या आकृती-चित्रकारांतली जाणती नावं. रशियन कलेच्या सर्वसाधारण इतिहासात ती सहसा सापडत नाहीत. पण या लोकांनी आपलं नाव मागे ठेवण्याची एक वाट काढली होती. चित्राच्या खालच्या कडेला, एखाद्या दगडावर किंवा गवताच्या पात्याखाली, बारीक अक्षरांत सही आणि साल. कॅनव्हासवरचा चित्रकार करतो तशीच. फुलदाणीच्या तळाला सम्राटाची खूण असते, मुकुटाखाली त्याचं आद्याक्षर. दर्शनी बाजूला, चित्रात, चित्रकाराची. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कॅनव्हासवरच्या मूळ चित्रांचं पुढे काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. तैलचित्रावरचं वार्निश काळानुसार पिवळं पडतं, रंगाला बारीक भेगा जातात, साफसफाई करताना वरचे थर जातात. पोर्सेलीनवरचा रंग काचेत वितळलेला असतो. ते भांडं फुटलं नाही तर तो जसाच्या तसा राहतो. शिवाय चित्रं जागेवर राहिली नाहीत. याच निकोलसने १८५४ मध्ये हर्मिटेजमधली १२१९ चित्रं दुय्यम ठरवून लिलावात काढली. पाऊणशे वर्षांनी सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी उत्तमातली उत्तम चित्रं विकली. अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी १९३० आणि १९३१ मध्ये गुपचूप एकवीस चित्रं घेतली. राफाएलची आल्बा मदोना त्यांतच गेली; ती निकोलसनेच १८३६ मध्ये विकत घेतलेली होती. राजवाड्यांचंही तेच. पीटरहोफ आणि त्सार्स्कोये सेलो इथले मोठे राजवाडे दुसऱ्या महायुद्धात जळून भग्न झाले आणि नंतर पुन्हा बांधावे लागले. फुलदाण्यांवरचे देखावे मात्र युद्धाच्या शंभर वर्षं आधीचे, तिथे बसून न्याहाळल्यासारखे.

शाही कारखान्याबाहेरही हे काम चालत होतं, त्याचीही दखल घ्यायला हवी. पीटर्सबर्गच्या बातेनिन कुटुंबाच्या कारखान्याने शहराचे देखावे रंगवलेल्या फुलदाण्या काढल्या. त्या राजासाठी नव्हत्या. व्यापारी आणि मध्यम सरदारांच्या बैठकीत त्या विराजत. मॉस्कोजवळ अर्खांगेल्स्कोये इथे राजपुत्र निकोलाय युसुपोव याने आपल्या हवेलीत रंगकामाची शाळाच काढली. बाहेरून कोरी पांढरी भांडी आणायची आणि आपल्या भूदासांकडून रंगवून घ्यायची. विकायला एकही नग नाही, सगळे भेटीसाठी. ज्यांचं स्वतःचं शरीरही स्वतःच्या मालकीचं नव्हतं अशा माणसांनी ती फुलं आणि ते देखावे रंगवले, हे ती भांडी पाहताना विसरता कामा नये.

सगळ्यात दूर पोचला तो गार्डनर. फ्रान्सिस गार्डनर या इंग्रजाने १७६६ मध्ये व्हेर्बिल्की गावात कारखाना काढला. दरबाराचे मोठमोठे संच त्याने बनवलेच, पण एकोणिसाव्या शतकात या कारखान्याच्या लाल आणि निळ्या पोटाच्या, मधे पांढऱ्या चौकटीत फुलं काढलेल्या किटल्या आणि वाडगे मध्य आशियात आणि अफगाणिस्तानात घरोघरी गेले. त्या बाजारासाठी तळावर अरबी लिपीतली खूणही घालत. १८९२ मध्ये हा कारखाना कुझनेत्सोव या उद्योगपतीने घेतला. तेव्हाच्या भारताच्या वायव्य सीमेवरच्या बाजारांपर्यंत रशियन पोर्सेलीन आलं ते या वाटेने, राजांच्या भेटींतून नव्हे.

निकोलसनंतर चित्रमय फुलदाणीचा बहर ओसरला. तिसऱ्या अलेक्झांडरची राणी डेन्मार्कची, आणि कोपनहेगनच्या धर्तीवर झिलईखालच्या धूसर निळ्या-करड्या देखाव्यांची आवड आली. त्या राजाची एक आज्ञा मात्र फार उपकारक ठरली: राजवाड्यासाठी होणाऱ्या प्रत्येक वस्तूचा दुसरा नग कारखान्याच्या संग्रहालयात ठेवायचा. हे संग्रहालय निकोलसने १८४४ मध्ये, कारखान्याच्या शताब्दीला सुरू केलेलं होतं.

१९१७ ची क्रांती झाली. कोठारात सम्राटाची खूण तळावर असलेली कोरी भांडी भरून पडली होती. नव्या सरकारने त्या खुणेवर रंगाचा गोळा फासला, शेजारी कोयता-हातोडा काढला आणि वर क्रांतीच्या घोषणा रंगवल्या. रंगवणारे हात पुष्कळसे जुनेच. ती भांडी आज जगभरच्या संग्राहकांना हवी असतात. जुन्या फुलदाण्यांपैकी किती तरी परदेशी गेल्या. अमेरिकी राजदूताची पत्नी मार्जोरी मेरिवेदर पोस्ट हिने १९३७-३८ मध्ये मॉस्कोतल्या सरकारी दुकानांतून उचललेल्या वस्तू वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयाचा पाया ठरल्या.

आज या फुलदाण्यांना लिलावात प्रचंड किंमत येते, आणि किंमत आली की बनावटही येते. कोऱ्या जुन्या भांड्यावर नंतर चित्र काढायचं, हा त्यातला नेहमीचा मार्ग: माती खरी, खूण खरी, चित्र खोटं. घेणारा तळाची खूण पाहून खूश होतो. तळाची खूण माती कुठल्या भट्टीची एवढंच सांगते. फुलदाणीचं मोल आहे ते पुढच्या अंगावरच्या कामात, आणि तिथे पाहायला वेळ द्यावा लागतो.

१९२५ मध्ये सोव्हिएत सरकारने कारखान्याला लोमोनोसोवचं नाव दिलं. लोमोनोसोव थोर होताच, पण पोर्सेलीन विनोग्रादोवने घडवलं होतं. २००५ मध्ये नाव बदललं तेव्हा जुनं शाही बिरुद परत आलं. विनोग्रादोव दोन्ही वेळा बाहेरच राहिला. हा अन्याय आहे, आणि अडीच शतकांनंतरही तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

कारखाना अजून चालू आहे, नेवाच्या काठी, त्याच जागी. त्याचं संग्रहालय २००१ पासून हर्मिटेजच्या ताब्यात आहे. पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर ते नाही. भुयारी रेल्वेने लोमोनोसोवस्काया स्थानकावर उतरावं लागतं आणि तिथून ओबुखोव्स्कोय ओबोरोनी रस्त्यावर थोडं चालावं लागतं. रशियाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सहलीतला अर्धा दिवस त्यासाठी काढा. आणि मोठ्या फुलदाणीपाशी उभे राहाल तेव्हा सोन्याच्या चौकटीच्या आत, चित्राच्या खालच्या कडेला नीट बघा. तिथे नाव असेल तर ते वाचा, आणि परत आल्यावर चार जणांना सांगा.